आभासी यंत्राची संहिता : ड्रायव्हरच्या हेडर-व्याख्यांच्या नूतनीकरणाची चिकित्सा

हेडर फाइल ही वाचावयाची वस्तू आहे, असे संगणकशास्त्राच्या अभ्यासकांपैकी फार थोड्यांना वाटते. ती समाविष्ट करावयाची असते. कंपायलरने ती वाचली म्हणजे पुरे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये एखाद्या आभासी उपकरणाच्या व्याख्या अद्ययावत करण्याचे काम निघाले की ते बहुधा सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याकडे किंवा एखाद्या लहानशा स्क्रिप्टकडे सोपविले जाते, आणि बदलाच्या टिपणात 'वर्तनात फरक नाही' एवढे शब्द लिहून तो विषय मिटतो. हे काम कारकुनी नसून चिकित्सेचे आहे, आणि ते कारकुनी मानल्याने होणारी हानी काल्पनिक नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी मुख्यतः व्हर्टआयओ या उपकरणकुलाच्या हेडर फाइली घेतल्या आहेत. कारण त्यांची संहिता सर्वांस खुली आहे व तिच्यातील फेरफारांचा इतिहास ओळीओळीने उपलब्ध आहे. झेन आणि हायपर-व्ही यांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

प्रत्यक्ष उपकरणाची गोष्ट निराळी. कारखान्यातून बाहेर पडलेल्या नेटवर्क-कार्डातील रजिस्टरे सिलिकॉनमध्ये एकदा कोरली गेली की त्यांचे स्थान बदलत नाही. ड्रायव्हरच्या हेडरमध्ये एखाद्या रजिस्टराचे अंतर चुकीचे लिहिले गेले, तर चूक हेडरची, याविषयी वाद संभवत नाही. वर्णन एकीकडे, वर्णिलेली वस्तू दुसरीकडे, आणि दोन्ही परस्परांशी ताडून पाहता येतात. आभासी उपकरणाला असा आधार नाही. ते उपकरण म्हणजे हायपरव्हायझरच्या बाजूस चालणारा दुसरा एक प्रोग्रॅमच होय, आणि पुष्कळदा तो ड्रायव्हर ज्या हेडरवरून रचला गेला त्याच हेडरच्या प्रतीवरून रचलेला असतो. ड्रायव्हर आणि उपकरण हे एकाच संहितेचे दोन वाचक ठरतात. दोघांनीही एखादी ओळ सारखीच चुकीची वाचली, तर ती चूक उरत नाही. तोच उपकरणाचा स्वभाव होऊन बसतो, आणि पुढे कोणी ती 'दुरुस्त' केली की चालत असलेली यंत्रे बंद पडतात. येथे व्याख्या बदलणे म्हणजे वस्तूच बदलणे होय. नूतनीकरणाच्या कामाचे गांभीर्य या एका गोष्टीत सामावले आहे.

व्हर्टआयओची मांडणी रस्टी रसेल यांची. लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत, जानेवारी २००८ मध्ये, तिचा प्रवेश झाला, आणि त्याच वर्षी तिच्यावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी प्रत्येक हायपरव्हायझरचे नेटवर्क-उपकरण वेगळे, डिस्क वेगळी, आणि म्हणून ड्रायव्हरही वेगळा, अशी अवस्था होती. तिच्यावरचा उपाय म्हणून सर्वांनी स्वीकारावे असे एक सामान्य रूप त्यांनी सुचविले. पुढे २०१३ पासून हे काम ओएसिस या प्रमाणीकरण-संस्थेच्या समितीकडे गेले. समितीच्या १.० या आवृत्तीने एक सीमारेषा आखली: तिच्या अलीकडचे ते 'मॉडर्न', पलीकडचे ते 'लेगसी', आणि दोन्ही भाषा बोलणारे ते 'ट्रान्झिशनल'. १.१ ही आवृत्ती २०१९ साली व १.२ ही २०२२ साली निघाली. प्रमाणग्रंथ असा क्रमाक्रमाने वाढत असता हेडर फाइली मात्र लिनक्सच्या वृक्षातच राहिल्या. तेथेच वाढल्या, आणि तेथूनच जगभर गेल्या.

त्या अशा पसरल्या याला एक कारण आहे व ते कायदेशीर आहे. लिनक्सचा कर्नल जीपीएल परवान्याखाली असला तरी व्हर्टआयओच्या या हेडर फाइली बीएसडी परवान्याखाली ठेवल्या गेल्या. कोणालाही त्यांतील व्याख्या घेऊन जुळता ड्रायव्हर किंवा जुळते उपकरण लिहिता यावे, हा हेतू त्या फाइलींच्या आरंभीच नमूद आहे. हा निर्णय दूरदृष्टीचा होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की समितीचा ग्रंथ हे तत्त्वतः प्रमाण, तर लिनक्सची फाइल हे व्यवहारात प्रमाण, अशी दुहेरी सत्ता निर्माण झाली. समितीच्या ग्रंथाला स्वतःची एक हेडर फाइल परिशिष्टादाखल जोडलेली आहे, आणि तिचे नाव लिनक्समधील तत्सम फाइलीच्या नावाहून वेगळे आहे. तिच्यावरून कोणी ड्रायव्हर रचल्याचे मात्र सहसा आढळत नाही. प्रचलित पाठ आणि प्रमाण पाठ यांच्यातील हा ताण मराठी वाचकास अपरिचित नसावा. शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करावा लागला, तो प्रती कमी होत्या म्हणून नव्हे. त्या फार झाल्या होत्या आणि प्रत्येकीत काहीतरी मिसळले गेले होते म्हणून.

आता संहितेकडेच वळू.

व्हर्टआयओच्या नेटवर्क-उपकरणाकडे जाणाऱ्या व त्याच्याकडून येणाऱ्या प्रत्येक इथरनेट फ्रेमच्या पुढे एक छोटे शीर्षक जोडलेले असते. त्याचे मूळ रूप १० बाइटांचे आहे: एक बाइट खुणांसाठी, एक बाइट मोठ्या पाकिटाची विभागणी कोणत्या प्रकारे करावयाची हे सांगण्यासाठी, आणि त्यापुढे दोन-दोन बाइटांची चार क्षेत्रे. एकच मोठी फ्रेम अनेक बफरांत मिळून स्वीकारण्याची सोय जेव्हा झाली, तेव्हा किती बफर वापरले गेले हे सांगणारे दोन बाइट शेवटी वाढले आणि शीर्षक १२ बाइटांचे झाले. लेगसी रूपात ही सोय उभयमान्य झाली असेल तरच १२ बाइट, एरवी १०. मॉडर्न रूपात ती मान्य असो वा नसो, शीर्षक सदैव १२ बाइटांचेच.

लिनक्सच्या फाइलीत जुनी व नवी अशी दोन्ही स्ट्रक्चरे आहेत. नव्या स्ट्रक्चरवरील टीप सांगते की ते जुन्या १२ बाइटांच्या स्ट्रक्चराशी बिटाबिटाने समान असून केवळ सपाट केलेले आहे. हे विधान अक्षरशः खरे आहे. तथापि ते ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा नव्हे. दोन स्ट्रक्चरे सारखी आहेत की नाहीत याची त्यास फिकीर नसते. कोणते केव्हा लागू होते हे त्यास हवे असते, आणि त्याविषयी ती टीप मौन पाळते. आता अशी कल्पना करा की एखाद्या प्रणालीने नवी हेडर फाइल उतरवून घेतली, मॉडर्न रूप मान्य असल्याचा बिटही उपकरणास कळविला, पण फ्रेमचा आरंभ १० बाइटांनंतर होतो हे जुने गृहीत ड्रायव्हरच्या पोटात तसेच राहिले. उपकरण प्रत्येक आलेल्या फ्रेमपुढे बफरांची संख्या म्हणून १ हा आकडा दोन बाइटांत लिहील. लहान बाइट प्रथम या क्रमाने ते दोन बाइट ०१ आणि ०० असे पडतील. ड्रायव्हर त्यांनाच गंतव्य पत्त्याचा आरंभ समजेल. इथरनेट पत्त्याच्या पहिल्या बाइटातील सर्वांत खालचा बिट चढलेला असला की तो पत्ता समूहाचा मानला जातो. म्हणून येणारी प्रत्येक फ्रेम त्या यंत्राला कोणा एकाला नव्हे तर समूहाला उद्देशून आल्यासारखी दिसेल. कंपायलर एक अक्षरही बोलणार नाही. हेडर निर्दोष आहे, नूतनीकरण पूर्ण आहे, आणि यंत्र मात्र बहिरे झाले आहे.

असेच दुसरे स्थळ पीसीआय-संबंधीच्या फाइलीत सापडते. लेगसी रूपात उपकरणाची सामान्य रजिस्टरे पहिल्या २० बाइटांत बसतात आणि त्यापुढे त्या त्या उपकरणाची खास माहिती सुरू होते. परंतु एमएसआय-एक्स या पद्धतीचे इंटरप्ट चालू केले की मध्ये दोन-दोन बाइटांची दोन रजिस्टरे शिरतात आणि खास माहिती २४ व्या बाइटावर सरकते. एकाच वस्तूचा पत्ता दुसऱ्याच एका कळीच्या स्थितीवर अवलंबून राहावा, ही रचना मुळातच सदोष होती. नेटवर्क-उपकरणाच्या खास माहितीत आरंभीच मॅक पत्ता असतो. कळ चालू असता जुन्या अंतरावरून तो वाचणाऱ्याच्या हाती पत्त्याऐवजी प्रथम इंटरप्टचे दोन क्रमांक येतील. समितीने मॉडर्न रूपात हे ठरीव अंतर सोडून दिले व प्रत्येक विभाग कोठे आहे हे उपकरणाने पीसीआयच्या क्षमता-यादीतून स्वतःच सांगावे, अशी व्यवस्था केली, ती योग्यच. टीका करावयाची आहे ती हेडरमधील एका मॅक्रोवर. हे अंतर काढून देणारा जो जुना मॅक्रो आहे, तो वाचकाच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये विशिष्ट नावाचे क्षेत्र असेल असे गृहीत धरतो. सार्वजनिक फाइलीने परक्याच्या घरातील भांड्यांची नावे गृहीत धरावी, असा हा प्रकार. पुढे अशा गृहीताविना चालणारा नवा मॅक्रो आला, आणि जुना 'वापरू नये' अशा टिपेसह तसाच ठेवला गेला. तो ठेवला हे बरोबरच झाले. व्याख्या एकदा बाहेर गेली की ती परत घेता येत नाही, त्यावर निवृत्तीची नोंद करता येते इतकेच.

क्षमतांचे बिट हा या संहितेचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत फसवा भाग आहे. लिनक्सच्या फाइलीत बिटाचा क्रमांक दिलेला असतो, तर फ्रीबीएसडीच्या परंपरेत त्या बिटाचा मुखवटा, म्हणजे तेवढाच बिट चढविलेली पूर्ण संख्या, देण्याची पद्धत आहे. दोन्ही पद्धती निर्दोष आहेत. पण एकीकडून दुसरीकडे जाताना नक्कल पुरत नाही, भाषांतर करावे लागते. ३३ हा क्रमांक कोणी नजरचुकीने मुखवटा म्हणून वाचला तर त्यातून शून्यावा आणि पाचवा असे दोन बिट निघतात. नेटवर्क-उपकरणात त्यांचा अर्थ चेकसमची सवलत आणि मॅक पत्त्याची उपलब्धता असा होतो. दोन्ही अत्यंत सामान्य क्षमता असल्याने चूक उघडकीस येण्यास वेळ लागावा, यात नवल नाही. शिवाय लेगसी रूपात क्षमतांचे रजिस्टर ३२ बिटांचेच होते, आणि मॉडर्न असण्याची खूण मुद्दाम ३२ या क्रमांकावर, म्हणजे त्या रजिस्टराच्या पहिल्याच बाहेरच्या पायरीवर, ठेवली गेली. ३२ बिटांच्या चलात क्षमता साठविणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला ही खूण दिसूच शकत नाही. नवी हेडर फाइल उतरविल्याने त्याचा चल रुंद होत नाही.

नावांच्या बाबतीत दोन उदाहरणे विशेष विचारार्ह वाटतात. पहिले डिस्कच्या उपकरणाचे. नववा बिट काही काळ 'डब्ल्यूसीई' या नावाने ओळखला जाई; पुढे त्यास 'फ्लश' असे नाव मिळाले आणि जुने नाव पर्याय म्हणून राहिले. आकडा तोच, पण अर्थाचा रोख बदलला. पहिले नाव उपकरणाची स्थिती सांगते: लेखनासाठी कॅश चालू आहे. दुसरे नाव आज्ञा सांगते: कॅशमधील मजकूर टिकाऊ माध्यमावर उतरविण्याची विनंती करता येते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दुसरेच नाव उपयोगी आहे, आणि म्हणून हे नामांतर समर्थनीय ठरते. मात्र फाइलीच्या रचनेत एक विसंगती राहून गेली. 'फ्लश' आणि त्याचा सोबती असलेला अकरावा बिट हे दोन्ही लिनक्सच्या फाइलीत 'लेगसी' या मथळ्याखाली, लेगसी भाग वगळण्याची सोय करणाऱ्या अटीच्या आत, घातलेले आहेत. उलट समितीच्या १.१ आवृत्तीत हे दोन्ही बिट चालू क्षमतांच्या यादीत आहेत आणि लेगसी म्हणून फक्त शून्यावा व सातवा यांची गणना आहे. केवळ मॉडर्न उपकरणासाठी स्वच्छ ड्रायव्हर लिहू पाहणाऱ्या नवागताने ती अट वापरली, की 'फ्लश' हे नावच त्याच्या दृष्टीआड होते. ही क्षमता कालबाह्य झाली, असा निष्कर्ष तो सद्भावनेने काढील. ती मान्य न केल्यास प्रत्येक लेखन पूर्ण होताक्षणीच टिकाऊ करण्याचा भार उपकरणावर येऊन पडतो. वेग उतरतो, आणि उपकरणाने तो भार नीट वाहिला नाही तर वीज गेल्यावर हरवलेल्या नोंदींचा शोध कोठे घ्यावयाचा, हे कोणासही सांगता येत नाही. एका मथळ्याची ही किंमत आहे.

दुसरे उदाहरण ३३ क्रमांकाच्या बिटाचे. त्याचे पहिले नाव आयओएमएमयू या यंत्रभागावरून पडले होते. २०२० साली ते बदलून 'प्लॅटफॉर्मच्या मार्गाने प्रवेश' अशा अर्थाचे नाव देण्यात आले. हे नामांतर माझ्या मते या सर्व संहितेतील सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती होय. मूळ नावाने वाचकाची अशी समजूत होई की गेस्टमध्ये आयओएमएमयू असेल तरच या बिटाचा संबंध. वस्तुतः बिट सांगतो ते याहून व्यापक आहे: होस्टच्या बाजूचे उपकरण गेस्टच्या स्मृतीत हवे तेथे थेट हात घालू शकत नाही, प्लॅटफॉर्मने आखून दिलेल्या मार्गानेच त्याला स्मृती दाखवावी लागते. एएमडीच्या एसईव्हीसारख्या व्यवस्थेत गेस्टची स्मृती सांकेतिक रूपात असते व उपकरणाला ती वाचताच येत नाही. तेथे आयओएमएमयू असो वा नसो, हा बिट अनिवार्य होतो. शिवाय त्याची दिशाही उलटी आहे. बहुतेक बिट चढविले असता काहीतरी जादा सोय मिळते. हा बिट न चढविणे म्हणजे नियम डावलण्याची मुभा देणे. फाइलीतील टीप ही उलटी दिशा स्पष्टपणे नोंदविते, याबद्दल टीप लिहिणाऱ्यास श्रेय दिले पाहिजे. परंतु दोन आवृत्त्यांची तुलना करणाऱ्या साधनाला यातले काय दिसते? एक नाव गेले, एक आले, आकडा ३३ कायम. 'वर्तनात फरक नाही' हे टिपण येथे शब्दशः खरे असूनही वाचकाची दिशाभूल करते.

बाइटक्रमाचा प्रश्न याहून खोल आहे, आणि त्याचे लिनक्सने दिलेले उत्तर हे या विषयातील खरे विचारधन होय. लेगसी रूपात सर्व क्षेत्रे गेस्टच्या स्वाभाविक बाइटक्रमाने लिहिली जात. होस्ट आणि गेस्ट एकाच क्रमाचे असेपर्यंत हे कोणाला खुपले नाही. पण पॉवर प्रोसेसरवर लहान-प्रथम क्रमाचा होस्ट आणि मोठा-प्रथम क्रमाचा गेस्ट अशी जोडी जमू लागली, तेव्हा 'स्वाभाविक' या शब्दाचा अर्थच संदिग्ध झाला. मॉडर्न रूपाने सर्वत्र लहान-प्रथम हा क्रम ठरवून टाकला. मग जो ड्रायव्हर दोन्ही काळांतील उपकरणांशी बोलतो, त्याने एकाच क्षेत्राचा बाइटक्रम कोणता मानावा? मायकेल त्सिर्किन यांच्या २०१४ मधील बदलांनी १६, ३२ आणि ६४ बिटांचे तीन नवे प्रकार हेडरमध्ये आणले. या प्रकारांचा मथितार्थ असा की, 'माझा बाइटक्रम मला ठाऊक नाही. समोरचे उपकरण कोणत्या काळाचे आहे ते आधी सांगा.' त्या प्रकाराची किंमत वापरण्याजोगी करून देणारे फलन म्हणूनच उपकरणाचा निर्देश मागते. कोणी हा टप्पा टाळून थेट किंमत वापरली, तर स्पार्स हे तपासणी-साधन इशारा देते. फाइलीतील टिपा सांगून थांबतात, प्रकार अडवतो. अर्थ टिपेतून उचलून प्रकारात घातला गेला, म्हणजे तो न वाचणाऱ्यावरही बंधनकारक झाला.

ही संहिता पुढे क्यूईएमयूकडे कशी गेली, ते पाहणे उद्बोधक आहे. क्यूईएमयू म्हणजे उपकरणाची बाजू. तेथे लिनक्सच्या हेडर फाइली एका स्क्रिप्टद्वारे उतरविल्या जातात आणि हाताने त्यांत काही घालण्यास मनाई आहे. हा नियम मला सर्वथा मान्य आहे. ज्याला दुरुस्ती सुचली त्याने ती मूळ संहितेत करून घ्यावी व मग सर्वांबरोबर उतरवून घ्यावी, हीच संपादनाची शिस्त होय. परंतु ही स्क्रिप्ट उतरविताना लिनक्सच्या खास प्रकारांच्या जागी सी भाषेतील सामान्य पूर्णांकप्रकार घालते. 'लहान-प्रथम ३२ बिट' असे सांगणारा प्रकार तेथे नुसता '३२ बिट' होऊन बसतो. उपर्युक्त तीन प्रकारांची नावे टिकली, पण त्यांच्यामागची तपासणीची खूण गळून पडली. लेखनिकाने शब्द राखला आणि अर्थ सोडला. दुसऱ्या प्रकल्पाचे कंपायलर व साधने वेगळी असल्याने हे अपरिहार्य होते, असे म्हणता येईल, आणि ते काही अंशी खरेही आहे. पण मग ज्या ठिकाणी अर्थ गळाला त्या ठिकाणी माणसाने लक्ष ठेवावे लागते, आणि 'हेडर अद्ययावत केले' एवढ्या टिपणातून ती जबाबदारी कोणावर आली हे कळत नाही. फ्रीबीएसडीने २०२१ साली मॉडर्न रूप स्वीकारताना निराळी वाट धरली. तेथे बाइटक्रम बदलणाऱ्या फलनाला उपकरण मॉडर्न आहे की नाही हे सत्य-असत्य मूल्याने कळवावे लागते, आणि प्रत्येक ड्रायव्हरात त्यावर छोटे वेष्टन घातलेले आहे. ही पद्धत सुटसुटीत आहे, परंतु वेष्टन विसरणाऱ्याला ती अडवीत नाही. लिनक्सची युक्ती मी श्रेष्ठ मानतो ती याच कारणाने.

झेनच्या परंपरेत काळाचा प्रश्न अगदी आरंभीच उघडपणे हाताळला गेला. तेथे हेडर वापरणाऱ्याने आपण कोणत्या आवृत्तीची संहिता वाचत आहोत हे एका आकड्याने घोषित करावयाचे, आणि त्या आकड्यानुसार जुन्या किंवा नव्या व्याख्या पुढे याव्यात, अशी व्यवस्था आहे. प्रामाणिक व्यवस्था, पण तीही सर्व काही सांभाळू शकली नाही. झेनच्या डिस्क-विनंतीचे स्ट्रक्चर एकाच फाइलीतून ३२ बिटांच्या यंत्रावर १०८ बाइटांचे आणि ६४ बिटांच्या यंत्रावर ११२ बाइटांचे होते, कारण ६४ बिटांचे क्षेत्र पहिल्या यंत्रावर चौथ्या व दुसऱ्यावर आठव्या बाइटापासून सुरू होते. मजकूर एक आणि अर्थ दोन. परिणामी सेवा पुरविणाऱ्या बाजूला दोन्ही मांडण्या वेगवेगळ्या लिहून ठेवाव्या लागल्या, आणि गेस्टने आपण कोणती मांडणी बोलतो हे आधी सांगावे असा शिष्टाचार घालावा लागला.

हायपर-व्हीचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. तेथे मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेला विनिर्देश-ग्रंथ होता आणि लिनक्समधील हेडर त्या ग्रंथाचे प्रतिबिंब म्हणून ठेवलेले होते. २०२५ साली ते हेडर काढून त्याच्या जागी हायपरव्हायझरच्या अंतर्गत व्याख्यांशी जुळणारा, अधिक विस्तृत असा फाइलींचा संच आणला गेला. प्रसिद्ध ग्रंथात नसलेल्या व्याख्याही घालता याव्यात, हे त्याचे घोषित कारण. सोय झाली हे खरे, पण बाहेरच्या वाचकाच्या दृष्टीने ताडून पाहण्याचे साधन दुबळे झाले. यापुढे हेडर आणि ग्रंथ यांत अंतर दिसले तर त्यास चूक म्हणावे की विस्तार, हे त्या संस्थेबाहेरील अभ्यासकास केवळ मजकुरावरून ठरविता येणार नाही. व्हर्टआयओतील 'फ्लश'ची विसंगती आपण दाखवू शकलो, ती समितीचा स्वतंत्र ग्रंथ हाताशी होता म्हणूनच.

सर्वांत कठोर धडा मात्र झेनच्याच खात्यावर आहे. डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५५ क्रमांकाच्या सुरक्षा-सूचनेत असे निदर्शनास आले की, सामायिक स्मृतीतील वलयातून विनंती घेणारा हेडरमधील मॅक्रो त्या स्मृतीकडे नुसता निर्देश करून देतो. ड्रायव्हरने एखादे क्षेत्र तपासले आणि मग वापरले, असे सी भाषेत लिहिलेले दिसते. पण मधल्या अवकाशात पलीकडचा पक्ष ते क्षेत्र बदलू शकतो, आणि मूळ लेखकाने एकदाच वाचलेली किंमतही कंपायलर आपल्या सोयीने दोनदा वाचू शकतो. तपासली एक किंमत, वापरली दुसरी. उपाय म्हणून त्याच हेडरमध्ये विनंतीची खाजगी प्रत करून देणारा नवा मॅक्रो घालण्यात आला. येथे नूतनीकरणाची मर्यादा उघडी पडते. ज्या ज्या प्रणालीने या फाइलीची प्रत ठेवली होती, तिने नवी प्रत उतरविली तरी जुना मॅक्रो तेथेच होता व जुने ड्रायव्हर त्यालाच बोलावीत होते. प्रत्येक हाक शोधून बदलल्याखेरीज ती प्रणाली सूचनेपूर्वी होती तितकीच असुरक्षित राहते. मात्र हेडरची तारीख पाहणाऱ्यास ती सुरक्षित दिसते.

म्हणून नूतनीकरणाचे काम दोन वेगळ्या बदलांत मांडले जावे, असे मला वाटते. पहिल्यात मूळ संहितेची प्रत, कोठलाही हस्तक्षेप न करता, कोणत्या आवृत्तीवरून घेतली त्याच्या उल्लेखासह असावी. दुसऱ्यात त्या प्रतीमुळे अर्थ बदललेल्या प्रत्येक नावाचा आपल्या प्रणालीतील प्रत्येक वापर तपासून केलेले फेरफार असावेत. आणि तपासल्यावर काहीच बदलावे लागले नाही, तर तसे नावानिशी लिहिलेले असावे. 'वर्तनात फरक नाही' हे शब्द पहिल्या बदलाच्या टिपणात शोभतात, दुसऱ्याच्या नाहीत. पदव्युत्तर वर्गात व्हर्टआयओचा नेटवर्क-ड्रायव्हर लिहिण्याचा अभ्यास दिला जातो, तेथेही विद्यार्थ्यास नवी फाइल आयती देण्याऐवजी जुनी व नवी अशा दोन्ही देऊन, १० आणि १२ बाइटांचा निर्णय त्याच्या ड्रायव्हरात कोणत्या ओळीवर होतो ते दाखविण्यास सांगता येईल.

एक प्रश्न मात्र या सर्व संहितांत अजून अनुत्तरित आहे. सांकेतिक स्मृतीच्या गेस्टमध्ये ड्रायव्हरने उपकरणावर विश्वास ठेवावयाचा नसतो. वलयाची लांबी, बफरांची संख्या, वापरलेल्या वर्णकाचा क्रमांक, ही उपकरणाने लिहिलेली प्रत्येक किंमत परक्याने दिलेली म्हणून तपासून घ्यावी लागते. लिनक्सच्या कर्नलमध्ये वापरकर्त्याच्या स्मृतीकडे निर्देश करणाऱ्या पॉइंटरला वेगळी खूण असते आणि ती डावलली तर स्पार्स इशारा देते; बाइटक्रमासाठीही तशी खूण झाली. उपकरणाने लिहिलेल्या किमतीला 'हिच्यावर अद्याप विश्वास नाही' असे सांगणारी खूण व्हर्टआयओच्या व्याख्यांत नाही. ती स्ट्रक्चरच्या क्षेत्रावर लावावी की ते क्षेत्र वाचणाऱ्या फलनावर, आणि क्यूईएमयूकडे उतरताना ती इतर खुणांप्रमाणे गळून पडणार नाही यासाठी काय करावे, हा विषय एखाद्या प्रबंधास पुरेल एवढा आहे.